रॉकेलवरचं धुलाई मशीन आणि खंडेनवमी

१२ ऑगस्ट १९७८, शनिवार. सांगलीत एका यंत्रांच्या दुकानात दीड हजार रुपये इसार दिला. हजर चौघे : दुकानदार, फौजेतून नुकताच निवृत्त झालेला माझा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा आणि मी. वस्तू म्हणजे जोराच्या फवाऱ्याने गाड्या धुण्याचं मशीन, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचं. किंमत दोन हजार तीनशे पन्नास. मशीन लगेच न्यायचं, बाकी साडेआठशे दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत द्यायचे. नाही दिले तर मशीन परत आणि इसारातले पाचशे बुडाले, असं कागदावर लिहून घेतलं होतं.

पैसे भावाचे होते. फौजेतून मिळालेले चार हजार, त्यापलीकडे त्याच्याजवळ काही नव्हतं. कराडबाहेर हायवेलगत, आमच्या विहिरीशेजारी, ट्रक धुण्यासाठी त्याने उरलेले सगळे घालून दगडी चढाव बांधायला घेतला होता. मशीन कोणतं घ्यायचं, ते त्याने माझ्यावर सोडलं होतं.

मेव्हण्याचा हट्ट विजेच्या मोटारीचा. "दाजी, बटण दाबलं की पाणी! धूर न्हाई, दोरी वडायची न्हाई. आणि रॉकेल काय फुकट मिळतंय व्हय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विजेवर एका ट्रकमागे तीस पैसे कमी लागले असते. पण विजेचा खांब आमच्या विहिरीपासून नऊशे फुटांवर. मधले खांब आमच्या खर्चाने, अर्ज मंजूर कधी होईल ते सांगता येत नाही, आणि वीज आली तरी दुपारी असेलच असं नाही. घरची फटफटी अंगणात धुवायची असती, तर मीच म्हणालो असतो, विजेची छोटी घे. बंद खोलीत काम असतं तरी तेच म्हणालो असतो, कारण इंजिनाचा धूर कोंडला तर माणूस मरतो. इथे काम उघड्यावरचं, दिवसभराचं, घाटातून येणाऱ्या ट्रकांच्या वाळलेल्या चिखलाचं. शिवाय जवळपासच्या एखाद्या बागायतदाराने ट्रॅक्टर धुवायला बोलावलं तर बैलगाडीत घालून मशीन नेता येणार होतं. खांब बैलगाडीत बसत नाही, एवढंच मी मेव्हण्याला सांगितलं.

"करा तुमच्या मनासारखं," तो म्हणाला. "पण भाऊ तुमचा हाय, पैसं त्याचं हाईत, ध्यानात ठेवा."

ते माझ्या ध्यानात होतं. म्हणून दोन महिने मी रोज चढावावर जाऊन बसलो. ट्रकला पाच रुपये. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भावाकडे सातशे साठ जमले होते. नव्वद कमी. मला काळजी नव्हती. नवमीला गाड्या धुऊन पुजायच्या असतात, त्या दिवशी आमच्याकडे रांग लागणार होती.

लागलीही. सकाळी नऊला वीज गेली, त्यामुळे स्टँडजवळच्या धुलाईवाल्याची गिऱ्हाइकंही आमच्याकडे वळली. मी चढावावर पोचलो तेव्हा अकरा ट्रक उभे होते आणि मशीन बंद होतं. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, समोर नारळ. बाजूला आई बसलेली.

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "दादा, आईनं पूजा केली. आता उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई."

पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. नांगर, कोयता, माझ्या दुकानातली वजनं-मापं, सगळं त्या दिवशी गप्प असतं. गाड्यांच्या पूजेसाठी गिऱ्हाइकं येणार हे मी धरलं, आणि आमच्याच मशीनची पूजा होणार हे धरलं नाही. चूक माझी होती.

एक ड्रायव्हर ओरडला, "आवं फौजी, शत्रू आल्यावर बी बंदूक पुजूनच ठिवली हुती का?" सगळे हसले. भाऊ हलला नाही. सीमेवर उभा राहिलेला माणूस आईपुढे उभा राहू शकत नव्हता.

मी चपला काढल्या आणि इंजिनाची दोरी हातात घेतली.

"आरं, ही काय रीत झाली?" आई म्हणाली.

"रीत नाही. पण आज हे चाललं नाही तर उद्या परत जाईल. मग पुढच्या वर्षी पुजायला काय ठेवशील? पाप लागलं तर मला लागू दे."

आई म्हणाली, "लागंल तर लागू दे तुला. पण हार तर काढ मुडद्या, पट्ट्यात अडकंल."

तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. दिवस मावळेपर्यंत भावाने तेवीस ट्रक धुतले. रॉकेल दहा रुपये चाळीस पैशांचं लागलं. गावात दोघाचौघांनी नावं ठेवली. ठेवू देत. त्यातल्या एकाचा ट्रक तेवीसमध्ये होता.

दसऱ्याला दुपारच्या एसटीने आम्ही सांगलीला गेलो. भावाने साडेआठशे मोजून दुकानदाराच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "त्या दिवशी मशीन गाडीत चढवल्याची हमाली आठ रुपये राहिली."

"कागदावर नाही," मी म्हणालो, आणि दारातल्या हमालाला विचारलं, "तुला किती मिळाले?"

"मला कुठं काय? अजून न्हाईत."

दुकानदाराला साडेआठशेच दिले, वर एक पैसा नाही. हमालाच्या हातावर आठ रुपये ठेवले.