न हसणारी काकू

आमच्या आळीत माझ्या तोंडाची ख्याती आहे. नोकरीची सगळी वर्षं मी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. दापोलीची गाडी लागली का, मालगुंडची गाडी गेली का, गेली तर थांबली का नाही, हे प्रश्न ज्यानं रोज ऐकले नाहीत त्यानं मला शांत राहायला शिकवू नये. गाड्यांच्या वेळा फलकावर ठळक लिहिलेल्या असायच्या, माणूस त्या फलकाला टेकून उभा असायचा आणि तिथूनच मला विचारायचा. मी ओरडायचे. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. मुलगी पुण्याहून फोन करते आणि पहिलं विचारते, "आज कोणाला झाडलंस?"

माघात आमच्या देवळाचा उत्सव असतो आणि उत्सवात आळीतल्या माणसांनी बसवलेलं नाटक असतंच. गेल्या वर्षी पुरुषांनी ऐतिहासिक नाटक केलं, त्यात दोघांच्या मिशा पडल्या आणि एकाच्या तलवारीचं पातं मुठीतून सुटून पहिल्या रांगेत गेलं. म्हणून यंदा नाटक बायकांकडे आलं. दिग्दर्शन बाईंचं. बाई म्हणजे हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या समोरच्या. त्यांना सगळी आळी बाईच म्हणते, त्यांचा नवरासुद्धा. त्यांनी एका जुन्या कृष्णधवल सिनेमावरून तासाभराचं नाटक लिहून काढलं.

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं की नायिका किती देखणी होती आणि गाणी किती गोड होती यावर गाडी घसरते, आणि मला जिच्याबद्दल बोलायचं आहे ती बाई राहूनच जाते. तिचं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्येही खाली, बारीक अक्षरांत येतं. गोष्ट साधी. आईबापाविना पोरगी मामाकडे राहते, मामी छळते, आणि शेजारची काकू तिला मागच्या दारानं जेवू घालते. बस. काकूचं काम मोजून चार-पाच प्रसंगांचं. पण आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, नायिकेच्या आधी काकूच आठवते.

मी तो सिनेमा पाहिला पोफळीला. वडील वीजघरात कामाला होते आणि कॉलनीच्या मैदानात पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवत. समोर जागा मिळाली नाही म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागं बसलो होतो. तिकडून सगळी माणसं डावखुरी दिसायची. काकूनं डाव्या हातानं गुरगुट्या भात वाढला, त्यावर तूप घातलं, आणि मी तिथल्या तिथं ठरवलं की मोठेपणी आपण काकू व्हायचं. बाकीच्या मुली नायिका व्हायला निघाल्या होत्या. मला त्यांची कीव आली होती.

त्यामुळे बाईंनी वाचनाला बोलावलं तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून गेले. बाईंनी चष्मा सारखा केला आणि भूमिका सांगायला सुरुवात केली. "मामी तू," माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुला काही करावंच लागणार नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून सांगते कुणाला. पण मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. एवढी वर्षं या आळीत राहून, सगळ्यांच्या लग्नामुंजींत राबून, माझं नाव निघालं की माणसांना मामी आठवते तर. एकदा, फक्त एकदा, या लोकांनी आपल्याकडे बघून काकू म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते मोठ्यानं सांगायची सोय नव्हती.

काकू मिळाली आमच्या शेजारच्या वहिनीला. वहिनी स्वभावानं गोड, गळ्यानं गोड, चहात साखरही जास्त घालते. तालमीत तिनं पोरीच्या हनुवटीला हात लावला, मान तिरकी केली आणि डोळ्यांत पाणी आणून हसली. "ये हो माझ्या सोन्या, दमलीस ना?" पोरीचं काम करणारी मुलगी आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. साताऱ्याकडची आहे, इथल्या शाळेत नुकतीच लागली. ती बिचारी हनुवटी पुढे करून उभी. मला ते बघवेना.

"काकू अशी नाही," मी कोपऱ्यातून म्हटलं.

"अशी म्हणजे कशी गो?" बाई.

"अशी हसत नाही ती."

झालं. सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. हसत नाही कशी? तो हसरा चेहराच तर लक्षात राहिलाय! एकीला तर तिच्या गालाची खळीसुद्धा आठवत होती. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "हसते की. माऊली होती ती, हसल्याशिवाय कशी राहील?" मग मात्र माझाही धीर सुटायला लागला. मलाही कुठंतरी तिचं हसू आठवत होतं. शेवटी पोरीची पाठवणी होते तेव्हा हसली असेल का? मी पडद्याच्या मागं बसले होते, तेही लहानपणी. मी काय शपथ घेणार?

पण माघार घेईन तर मी कसली. भाडेकरू मुलीनं सिनेमा मोबाईलवर शोधून काढला आणि आमच्या टीव्हीला जोडून दिला. रविवारी दुपारी सगळा मेळा आमच्या घरी जमला. कुणी आंबोळ्या आणल्या, कुणी कुळथाचं पिठलं, वहिनीनं अर्थात शिरा. नवऱ्यानं खुर्च्या मांडल्या आणि स्वतः दारात उभा राहिला, म्हणजे भांडण झालंच तर निसटायला बरं.

सिनेमा सुरू झाला. नायिका आली, कुणी फारसं बघितलं नाही. मग मागचं दार उघडलं आणि काकू आली. कपाळाला ही आठी. "उभी काय राहिलीस? दारातनं मुंग्या येतात आत!" असं म्हणून तिनं पायानं पाट सरकवला. भात वाढला तो आदळल्यासारखा. तूप मात्र हात सैल सोडून. आणि पोरगी जेवायला लागल्यावर ही तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली.

"थांबा, आता वळून हसेल," वहिनी म्हणाली.

वळली नाही. लहानपणी मला हे कळलंच नव्हतं, आता कळलं. भुकेल्या माणसाकडे खाताना बघू नये म्हणून ती बाई पाठ करून बसली होती. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत होती, फक्त वळावं लागू नये म्हणून. ते काही कुणी संवादात लिहून दिलेलं नसणार. तिचं तिनंच केलं असणार.

पुढच्या प्रसंगात ती मामीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडते. ते भांडण मला आठवत होतं, पण कशासाठी ते विसरले होते. पोरीचं जेवण व्हायचं असतं आणि मामी घरात येत असते, म्हणून काकू दोरीचं भांडण उकरून काढते आणि लांबवते. "आता हसेल", "नाही गो, आजारपणात हसते", "आजारपणात नाही, पाठवणीला." एकेक जागा येत होती आणि जात होती. आजारपणात ती पोरीला औषध पाजताना "नाक धर, नखरे नकोत" म्हणून खेकसली. खळी म्हणणारीनं आंबोळी तोंडाशी नेली ती तिथंच धरून ठेवली होती.

पाठवणी आली. बैलगाडी उभी, सगळे रडतायत, मामीसुद्धा. काकू गर्दीतून पुढे आली. पोरीच्या बोचक्याची गाठ तिनं पाहिली, "ही काय गाठ मारलीस? वाटेत सुटली म्हणजे?" म्हणाली, सोडली, पुन्हा आवळून बांधली, आणि घरात निघून गेली. सिनेमा संपला.

मग वहिनी खुर्चीतून उठली, माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या त्या गोड आवाजात किंचाळली, "अगोबाई, ही तर आपली हीच की गो!"

हशा जो फुटला तो थांबेना. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. प्रत्येकीला एकदमच काही ना काही आठवायला लागलं. बाळंतपणात मी डबा आणून "एवढंसं खाऊन पोराला काय दूध पाजणार, मेले?" म्हणून कशी ओरडले होते, स्टँडवर शेवटची गाडी चुकलेल्या म्हातारीला झाड झाड झाडून मग घरी जेवायला कशी आणली होती. मला यातलं निम्मं आठवत नव्हतं. नवरा दारातून म्हणाला, "मी सांगितलं तर पटलं असतं का कुणाला?" याच माणसानं आदल्या दिवशी काकू हसते म्हणून सांगितलं होतं. मी त्याला तिथंच सुनावलं, आणि त्यावर पुन्हा सगळ्या हसल्या.

भूमिकांची अदलाबदल झाली. वहिनीनं मामी स्वतःहून मागून घेतली, आणि काय सांगू, असली मामी कुणी पाहिली नसेल. आवाज मधासारखा, हनुवटीला हात, आणि "सोन्या, आज जेवायला नाही हो उरलं" म्हणताना तीच तिरकी मान. तालमीत आम्हाला थंडी भरली. बाईंनी तिला फक्त शिरा कमी कर म्हणून सांगितलं, जाड दिसत होती म्हणून.

घोटाळा झाला तो माझा. काकू मिळाली आणि माझा रागच पळाला. इतकी वर्षं हवी होती ती भूमिका हातात आली, तर मी गोड बोलायला लागले. हसू नको म्हटलं तरी ओठ आपोआप ताणायचे. लोकांनी चांगली म्हणावं याची हाव, दुसरं काय. बाई वैतागून म्हणाल्या, "अगो, स्टँडवरची ती खिडकी कुठं ठेवून आलीस?" दोन तालमी मी वाया घालवल्या. शेवटी बाईंनी मला संवादच म्हणू दिले नाहीत. म्हणाल्या, "ही पोर सकाळपासून जेवलेली नाही. शाळेतून थेट आलीय." खरंच आली नव्हती का जेवून, का बाईंनी थाप मारली, मला अजून माहीत नाही. पण मी त्या मुलीकडे वळले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. बाईंनी तेवढं वहीत उतरवून घेतलं आणि तेच नाटकात ठेवलं.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढचं अंगण भरलं होतं. मंडपाच्या मागं कलमांना मोहोर आला होता आणि त्या वासानं मला शिंका येत होत्या, म्हणजे राग यायला तसं एक कारण होतंच. मुलगी पुण्याहून आली होती. पहिल्या रांगेत बसून फोन वर धरून सगळं टिपत होती.

मागच्या दाराचा प्रसंग आला. मी पाट सरकवला, भात आदळला, तूप वाढलं. पोरगी बसली. मी बोलायला लागले: अंगावर मांस नाही, डोळे खोल गेलेत, वेळेवर यायला काय होतं, तुझी वाट बघत माणसानं ताटकळत बसायचं का? लोक हसत होते. पाठ करून मी तांदूळ निवडायला घेतले. आता तिनं म्हणायचं होतं, "काकू, तुम्ही रागावलात?" आणि मी म्हणायचं होतं, "गप गिळ."

ती म्हणेना. मागून काही आवाज येईना. विसरली, माझ्या मनात आलं, आणि मी मुंडी वळवली. ती हातात घास घेऊन रडत होती. नाटकातलं रडणं असं नसतं, नाक लाल झालं होतं. घरापासून इतक्या लांब, एकटी खोलीत राहणारी पोर. तिच्या तोंडून बाईंनी लिहिलेलं वाक्य आलंच नाही. तिच्या गावच्या बोलीत, अगदी हळू, पण माईक जवळच होता, ती म्हणाली, "काकू, रागवा की अजून थोडं. आईनंतर कुणी रागावलंच नाही मला."

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. तिच्याजवळ बसले आणि पदरानं तिचं नाक पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं. "आधी जेव," मी ओरडले, "मग काय हवं तेवढी रागावते तुला. जन्मभर रागावते."