कोळशाच्या गावातली पांढरी कुरडई

बेबी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारेगावात गव्हाचा भाव पाडत होते. नवा गहू बाजारात आला होता. व्यापारी पोत्यात हात घालून दाणे माझ्या तळहातावर ओतत होता आणि मी तोंड वाकडं करून शेजारच्या दुकानाकडं पाहत उभी होते. भाव पाडायचा असेल तर माल आवडल्याचं डोळ्यांत दिसू द्यायचं नसतं. तेवढ्यात बेबीच्या सुनेचा फोन आला. "काकू, आई गेल्या," एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि सौदा पुरा केला. मग तिथंच पोत्यावर बसले. व्यापाऱ्यानं पाण्याचा गिलास पुढं केला आणि विचारलं, "कोण गेलं वो ताई?" मला पटकन सांगता येईना. मैत्रीण म्हणावं तर आम्ही वर्षभर एकमेकींशी बोललो नव्हतो. भागीदार म्हणावं तर धंदा कधीचाच वेगळा झाला होता. शेवटी म्हणाले, "समोर राहत होती."

याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला येणारा-जाणारा सांगतो. मी धरून आहे. बेबीबद्दल लिहायचं तर रागासकटच लिहावं लागेल, कारण राग वगळला तर माझ्याकडं तिचं फार थोडं उरतं... आणि जे उरतं ते फार गोड आहे, त्यानं माझं मन निवत नाही.

वणीत रेल्वे लाईनच्या अलीकडं आमची वस्ती आहे. मी इथं आले ती नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई म्हणून. टोपली घेऊन दारोदार बांगड्या विकायचे. समोरच्या घरात बेबी. तिचा नवरा लवकर वारलेला, पदरात एक मुलगा. उन्हाळ्यात ती घरच्यापुरत्या कुरड्या घालायची. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक पिळून घ्यायचा, शिजवायचा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर जुन्या साडीवर सोऱ्यानं कुरड्या पाडायच्या. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मोगऱ्याचे गजरे पसरून ठेवल्यासारखी गच्ची पांढरी झाली होती. मी म्हणाले, बेबी, हे आपण विकायचं. ती हसायला लागली. "कुरडई कोनी इकत घेते का वं मंदे? घरोघरी तर होते." मी म्हटलं, "आता नाही होत. सुना नोकरीवर जातात. चीक पिळत कोण बसणार?" पहिल्या खेपेला डबे घेऊन मी एसटीनं पुसदला गेले आणि रिकामे डबे घेऊन परत आले.

हात तिचे आणि तोंड माझं, असा आमचा धंदा. तिला भाव करता येत नसे. गिऱ्हाईक "थोडं कमी करा ना" म्हणालं की ही भाव कमी करायची नाही, पुड्यात आणखी दोन कुरड्या टाकायची आणि वर त्या बाईच्या लेकरासाठी एक हातात द्यायची. मी ओरडले की म्हणायची, "तू घसा फोडून कमावते, मी हातानं वाटते. बरोबर होते ना सारं?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. पुढं वस्तीतल्या आणखी बायका आल्या. प्रत्येकीची गच्ची, प्रत्येकीच्या जुन्या साड्या. उन्हाळाभर रेल्वेतून जाणाऱ्या लोकांना आमची सगळी वस्ती पांढरी दिसायची.

मग लाईनीला लागून जी मोकळी जागा होती तिथं कोळशाचा डेपो आला. आधी ट्रक आले, ताडपत्री न टाकलेले, गच्च भरलेले. रस्त्यावर कोळसा सांडायचा, पुढचा ट्रक त्याचा भुगा करायचा आणि मागचा तो उडवायचा. एकदा खाली बसलेली धूळ प्रत्येक गाडीगणिक पुन्हा उठायची. उन्हाळ्यात कोळशाचे ढीग आतल्या आत धुमसायचे. हिवाळ्यात सांडलेला कोळसा वेचून लोक शेगड्या पेटवायचे, कोपऱ्यावर नगरपालिकेचा कचरा जळत असायचा, आणि तो सगळा धूर सकाळपर्यंत वस्तीवर गोधडीसारखा पडून राहायचा. लहान मुलांनी नाक पुसलं की रुमाल काळा. धुतलेलं कापड दोरीवरून काढलं की पुन्हा धुवायचं. घराघरांत खोकला आला, तो पाहुण्यासारखा आला आणि घरच्यासारखा राहिला.

सगळ्यात आधी मार बसला तो कुरडईला. ती पांढरीच लागते. जराशी करडी झाली तरी गिऱ्हाईक हात लावत नाही. आम्ही वरून मलमल टाकली. मलमलीवर काळा थर बसला, आणि झाकलेल्या कुरडईला नीट ऊन लागेना. शेवटी बेबीनं सगळ्यांचं काम गच्चीवरून खाली आणलं. तिच्या मागच्या खोलीत बाजा मांडल्या, पंखे लावले, दारं-खिडक्या बंद केल्या. माल पुन्हा पांढरा निघू लागला, पण उन्हाची खुसखुशी गेली. पुसदचा दुकानदार म्हणाला, "ताई, यंदा तेलात फुलत नाहीत तुमच्या कुरड्या." मी त्याला गव्हाचा दोष सांगितला आणि भाव टिकवला. घरी येऊन बेबीला हे सांगितलं तर ती खोकता खोकता हसली. त्या बंद खोलीत दिवसभर ती वाकून काम करायची. डॉक्टरनं तिला विचारलं, विडी ओढता का? ती म्हणाली, "नाही साहेब, मी फक्त वणीत राहते." डॉक्टरलाही हसू आलं. औषध मात्र त्यांनी विडी ओढणाऱ्याला देतात तेच दिलं.

डेपो गावाबाहेर न्या, एवढी एकच आमची मागणी होती. मोर्चा मी काढला, बेबी माझ्या शेजारी चालली. डेपोच्या मॅनेजरनं मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी आयुष्यभर बाजारात उभी राहिलेली बाई. समोरचा काय देऊ करतो यावरून त्याला कशाची भीती वाटते ते मला कळतं. आधी त्यानं पाणी मारायचा टँकर देऊ केला. मी गप्प. मग भिंत. मी गप्प. मग म्हणाला, "ताई, दिवाळीला आमच्या सगळ्या स्टाफसाठी तुमच्याच कुरड्या घेऊ." माझं डोकं फिरलं. कपातला चहा मी त्याच्या टेबलावर ओतला. बाहेर आल्यावर बेबी म्हणाली, "माय वं मंदे, चहा तरी पिऊन घ्याचा होता, मंग वतायचा." ती दारात उभं राहून सगळं ऐकत होती.

वर्षभरानं डेपो वाढवायची परवानगी निघायची होती आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी आले. मंडप टाकला होता. मी आधी बोलले, ट्रक, धूर, लेकरांचे खोकले, सगळं सांगितलं. मॅनेजरनं उत्तर दिलं की बाई तापट आहेत, वाढवून सांगतात. मला त्याची फिकीर नव्हती, कारण माझ्यानंतर बेबी बोलणार होती. बेबीला कोणी तापट म्हणू शकलं नसतं. तिचा खोकलाच निम्मी साक्ष होती. ती माईकपाशी गेली. डेपोचा एक माणूस मोबाईल वर धरून चित्रीकरण करत होता. साहेबांनी विचारलं, "ताई, तुम्ही खाण्याचा माल करता. त्यावर कोळशाची धूळ पडते का?"

बेबीनं मोबाईलकडं पाहिलं. मग पदर सावरला आणि म्हणाली, "नाही साहेब. आमच्या मालावर धुळीचा कणबी नसते."

"म्हणजे धुळीचा त्रास नाही?"

"मालाले नाही."

मंडपात मागं कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लिहून घेतलं. बेबीला पुढं काही बोलायचं होतं की नाही, मला माहीत नाही. तिला खोकल्याची उबळ आली आणि ती खाली बसली.

मंडपाबाहेर मी तिचा दंड धरला. "काहून बोलली तू असं? सांग ना वं! काय देल्लं त्याइनं तुले?"

"काही नाही देल्लं."

"मंग?"

"तो व्हिडिओ काढून राह्यला होता, मंदे. कुरडईवर कोळसा पडते म्हटलं असतं, तर उद्या पुसदवाला घेते का आपला माल? यवतमाळवाला घेते का? सात जणींच्या चुली हायत आपल्या. तुले काय, तू दगडबी इकशीन. बाकीच्या काय करतीन?"

"आन् तुही छाती?"

"ते माही हाय," ती म्हणाली. "ते मी पाहून घेईन."

मी तिला भर रस्त्यात नको ते बोलले. तिनं एकही शब्द उलट दिला नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मी माझा गहू वेगळा केला, माझ्या बायका वेगळ्या केल्या. तिनं लाच घेतली असती तर मला इतकं लागलं नसतं. घेणारी माणसं मी रोज पाहते, त्यांना परत विकत घेता येतं. तिनं धंद्यासाठी केलं, तो धंदा मीच उभा केलेला, आणि ज्या डेपोची वाढ त्या दिवशी अडली असती तो तिनं आपल्या तोंडानं आमच्या उरावर बसवला. मला सुनावणीनंतर रात्र रात्र एकच गोष्ट डाचायची. तिनं एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, माल स्वच्छ आहे, कारण आम्ही ऊन सोडून बंद खोलीत मरतोय. मालही वाचला असता आणि म्हणणंही राहिलं असतं. मला ते वाक्य सुचलं, पण माझी पाळी होऊन गेली होती. तिची पाळी होती आणि तिला सुचलं नाही... किंवा सुचलंही असेल. उबळ यायच्या आधी ती श्वास घेऊन थांबली होती, तो श्वास कशासाठी होता हे तिला विचारायचं मी वर्षभर टाळलं.

परवानगी मिळाली. ढीग आमच्या भिंतीपर्यंत आले. मागच्या हिवाळ्यात बेबीच्या घरी हवा देणारं मशीन आलं. वीज गेली की सून दारात येऊन उभी राहायची आणि समोरून मला ते दिसायचं. मी इन्व्हर्टर पाठवला, पण स्वतः गेले नाही. बेबीनं तो ठेवून घेतला, निरोप पाठवला नाही. आम्ही दोघीही हट्टी. ती गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी जुना दमा लिहिलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला डेपोचा मॅनेजर पांढरी फुलं घेऊन आला, मेणबत्ती लावली आणि हात जोडून बसला. त्याला बाहेर काढायला मी उठले, तेव्हा बेबीच्या मुलानं माझ्याकडं असं पाहिलं की मी परत खाली बसले.

नंतर मी नवी तक्रार दिली. वस्तीतली एक बाई या धुळीनं मेली, असं त्यात लिहिलं. उत्तर आलं की सदर महिलेनं स्वतः सुनावणीत धुळीचा त्रास नसल्याचं सांगितलं आहे. मी ते दोनदा वाचलं. जिवंतपणी ती माझ्या विरोधात एकदाच बोलली, मेल्यावर रोज बोलते आहे. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याला वळवता येतं, पाया पडून नमवता येतं. बेबीपाशी आता माझं काहीच चालत नाही.

हे छापून आलं की दुकानदारांचे फोन येतील, हे मला माहीत आहे. त्यांना मी बेबीचं राहिलेलं वाक्य सांगणार आहे. आमचा माल स्वच्छ आहे. आमची हवा नाही.

परवा बेबीच्या सुनेनं मला घरी बोलावलं. मागची खोली तीच चालवते आता. पंखे तेच, बाजा त्याच, आणि त्यांवर कुरड्या, दुधासारख्या पांढऱ्या. खिडकीला एक चादर ताणून बांधली होती. बेबी रोज सकाळी ती ओली करून लावायची, म्हणजे फटीतून येणारी धूळ त्यावर बसेल, असं सून म्हणाली. चादर मुळात कुठल्या रंगाची होती ते सांगता येत नव्हतं. मी ती सोडली, बादलीत बुचकळली. पाणी शाईसारखं झालं. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तेच. मग तशीच पिळली आणि जिना चढून गच्चीवर नेली, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर पसरून टाकली. कितीतरी वर्षांनी त्या गच्चीवर काही वाळत पडलं होतं.

सून धावत वर आली. "काकू, हे काय केलं? आई कधीच बाहेर वाळत नव्हत्या टाकत. लोक पाहतीन ना!"

"पाहू दे. त्यासाठीच टाकली."

"मले धंदा करा लागते, काकू," ती म्हणाली. हुबेहूब बेबीचाच आवाज, खालच्या पट्टीतला, न भांडणारा. मी जिना उतरले. गल्ली ओलांडून माझ्या दाराशी आले, वळून वर पाहिलं, तर दोरी मोकळी होती. थोड्या वेळानं मागच्या खोलीच्या खिडकीत चादर पुन्हा लागली, ओलीगच्च, आणि तिच्या खालच्या काठावरून काळं पाणी भिंतीवर उतरू लागलं.