एकच चेहरा ओळखू आला

आधीच सांगते, भूत, आत्मा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा पाळणारं. आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही. कोणी असे किस्से सांगायला लागलं की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी! तरी लिहितेय, कारण घरात आता या विषयावर कोणी तोंड उघडत नाही.

आम्ही अमडापूरचे. मागच्या वर्षी चिखलीहून येताना माझा पदर गाडीच्या चाकात गुंतला आणि मी डोक्यावर पडले. अकोल्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, हातपाय शाबूत. फक्त चेहरे गेले. म्हणजे नाक दिसतं, डोळे दिसतात, पण सगळं मिळून माणूस कोण, ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तेवढा भाग दुखावलाय, सुधारेल की नाही सांगता येत नाही.

मग सवयी बदलल्या. नवऱ्याला खोकल्यावरून ओळखते, मुलीला आवाजावरून. उजव्या कानामागे टाक्यांच्या रेषेवर केस उगवत नाहीत, तिथे कवटीला खळगा आहे, म्हणून कापूस वेचायला निघालेल्या बाईसारखा रुमाल बांधते. टिकली आरशात न बघता लावते, आरशातल्या बाईशी माझी ओळख नाही. या सगळ्याचं वाईट वाटायला हवं ना? वाटत नाही. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात, तसं आतून झालंय.

वाईट वाटतं ते मिनूला. माझी मुलगी, चौथीत आहे. रोज विचारते, "मम्मी, आज दिसली का मी?"

माझ्या मोठ्या जाऊबाई, शांताताई, राहायला पिंपळगाव राजा या गावी. दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून मी विचारायचे, ताई भेटायला का येत नाहीत? नवरा म्हणायचा, "आल्या होत्या ना वहिनी! तू गोळ्यायच्या गुंगीत होती. तुले ओळखू नाही आल्या." मला पटायचं. न पटायला काय झालं? दारात येणारी प्रत्येक बाई मला सारखीच.

उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी मी गच्चीवर कुरडया उलटत होते. जिन्यातून एक बाई वर आली आणि... मी ओळखलं! चालीवरून नाही, आवाजावरून नाही – चेहरा! शांताताई. पूर्वी दिसायचा तसा, अख्खा चेहरा एकदम. डोक्यावर पदर नव्हता, केस मानेपाशी वेडेवाकडे कापलेले. त्यांनी माझा रुमाल सारून टाक्यांवर बोट फिरवलं. "लय लागलं वं तुले," म्हणाल्या. मग कुरडयांकडे पाहून, "खालून वल्ल्याच आहेत अजून."

मी धावतच खाली आले. घरात नवरा होता, आणि त्या दिवशी आमचे भासरे, म्हणजे शांताताईंचे मालक, आलेले होते.

"ताईचा चेहरा दिसला मले! वरतं बसल्या आहेत! पण केस काऊन कापले त्यायनं?"

मग भासरे खाटेवर बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "केस मीच कापले होते तिचे... दवाखान्यात. गुंता निघेना. मातीलेही डोक्यावर पदर घेऊनच नेली. कोणालेच माईत नाही."

ताई माझ्या ऑपरेशनच्या आठवड्यातच तापाने गेल्या होत्या. डोक्याला ताण नको म्हणून मला सांगितलं नाही. आजाऱ्याला मयत सांगायची नाही, ही आपली रीतच. त्यात मी कोणाला ओळखत नव्हते, त्यांचं काम सोपं झालं.

गच्चीवर जाऊन पाहिलं. कुरडया होत्या, दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, मेंदू जुन्या आठवणी पुढे आणतो. कबूल. पण मी तर त्यांची कंबरेपर्यंतची वेणीच पाहिली होती. कापलेले केस माझ्या आठवणीत आले कुठून? रडू मात्र आलं नाही.

मिनूने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "मोठीआई मेली, तरी तिचा चेहरा दिसला तुले. मंग माहा काऊन नाही दिसत? पाह्य ना नीट."

पाहिलं. दोन डोळे, नाक, ओठ.

"दिसला," मी म्हणाले.

ती नाचत बाबांना सांगायला पळाली. आता शाळेतून आली की ती दारात काही न बोलता उभी राहते, मी ओळखून हाक मारावी म्हणून. मी हाक मारते. बहुतेक वेळा ती मिनूच असते.