पुंजाराम हिवाळेंची एक रजा

मिथुन हिवाळे म्हणजे जालन्यातला मागणी असलेला सूत्रसंचालक. नवीन जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो मराठी शिकवतो, पण ती नुसती पगाराची सोय. त्याचा खरा जीव माईकात. वाढदिवस असो, सेवापूर्ती असो, शोकसभा असो, फोन मिथुनलाच येणार. आयोजकांनी फक्त नाव आणि हुद्दा सांगायचा, बाकीचा माणूस मिथुन जागच्या जागी तयार करून देतो.

अशा या बोलबच्चन माणसाचे वडील गेले. भोकरदनच्या पुढं त्यांचं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये तिसाव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे स्मरणाची उपासना, ठरली आणि फादर अंतोन यांचा फोन आला.

"मिथुनसर, परमप्रसादानंतर पाच मिनिटं वडिलांविषयी बोला. पाचच हं. माझ्या रौप्यमहोत्सवाला तुम्ही बेचाळीस मिनिटं बोलला होता, आणि त्यात माझं नाव दोनदाच आलं."

मिथुन आदल्या दिवशी दुपारीच गावी गेला आणि कागद घेऊन बसला. पहिलं वाक्य झरझर उतरलं: ‘पुंजाराम याकोब हिवाळे हे एक अजातशत्रू व्यक्तिमत्त्व होतं.’ त्यानं ते वाचलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. हेच वाक्य त्यानं दोन महिन्यांपूर्वी जालन्यातले एक पुढारी अण्णासाहेब यांच्या एकसष्टीला वापरलं होतं, आणि अण्णासाहेबांवर त्यांच्या सख्ख्या भावासकट सात जणांनी खटले भरलेले होते. मग त्यानं ‘निष्काम कर्मयोगी’ लिहिलं. ते एका बियाण्याच्या व्यापाऱ्याला देऊन झालं होतं. ‘कुटुंबवत्सल’ लिहिलं, तर तो शब्द त्यानं अशा एका गृहस्थांना बहाल केला होता ज्यांची दोन कुटुंबं सभागृहात दोन बाजूंना तोंडं फिरवून बसली होती. वीस वर्षांत मिथुननं मराठीतली सगळी चांगली विशेषणं परक्यांना वाटून टाकली होती. सख्ख्या बापाच्या वाट्याला एकही शिल्लक नव्हतं.

त्याच्या मायनं, कौसल्याबाईंनी, चहा आणून ठेवला आणि कागदाकडं पाहिलं. त्यांना अक्षर बेताचंच वाचता येतं, लेकाचं तोंड मात्र बराबर वाचता येतं.

"लिहून राह्यला का?"

"हो, माय."

"लिही. पण चर्चमधी खोटं बोलू नको. तिकडं जालन्यात काय बोलायचं ते बोल. तिथं लोकाला नंतर जेवण असतं, ते ऐकून घेतात."

एवढी अचूक समीक्षा त्याच्या सूत्रसंचालनाची आजवर कोणी केली नव्हती.

पुंजाराम हिवाळे होते आरोग्य सेवक. गाव त्यांना मलेरियावाले म्हणायचं. "ताप हाय का कोणाला?" अशी हाक देत ते दारोदार फिरत. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढं निघायचं. आधी सायकल होती, मग लूना आली. एकूण चौतीस वर्षं हेच. भिवा नावाचा शेजारी त्यांना बघितलं की ज्वारीत पळायचा. पुंजाराम सायकल बांधाला टेकवून त्याच्यामागं ज्वारीत शिरायचे आणि रक्त घेऊनच बाहेर यायचे. मिथुन तेव्हा शाळेतल्या पोरांबरोबर बांधावर उभा राहून हसायचा आणि आपला या माणसाशी काही संबंध नाही असा चेहरा ठेवायचा. तो चेहरा त्याला पुढं पुढाऱ्यांची ओळख करून देताना फार उपयोगी पडला.

घरात रोज संध्याकाळी साडेसातला जपमाळ, पाच रहस्यं आणि प्रत्येकाचे दहा मणी. ती चालू असताना कोणी दारात येऊन "मलेरियावाले, पोरीला हिव भरलं" म्हणालं, की पुंजाराम आपली माळ जशीच्या तशी कौसल्याबाईंच्या बोटांत देत.

"तिसरं रहस्य, सातवा मणी. धरून ठेव."

आणि पेटी उचलून चालू लागत. पाऊण तासानं परत आले की हात धुवून आठव्या मण्यापासून सुरुवात. तोवर घरात कोणी जेवायचं नाही, आणि कौसल्याबाईंनी मणी सोडायचा नाही. गावातल्या प्रत्येक तापाचा राग असा मिथुनच्या पोटात साठत गेला. उपाशीपोटी जनसेवा कळत नसते हे खरं, पण मिथुनला ती पोट भरल्यावरही कळली नाही.

शनिवारी ते घरातल्या सगळ्यांची नखं स्वतः कापत, बायकोचीसुद्धा. निवृत्त झाल्यावर त्यांना कोणी विचारत नव्हतं तरी शेजाऱ्यांच्या रांजणांत वाकून डासांच्या अळ्या शोधत. गेले तेही असेच, भिवाच्या घरचं टाकं उपसून, "आता चार दिवस भरू नको" असं सांगून घरी आले आणि खाटेवर जरा टेकतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

सगळ्यात पंचाईत झाली होती ती पोलिओच्या डोसानं, कारण तो नेमका रविवारी असायचा. रविवारची मिस्सा चुकवणं म्हणजे पाप, आणि डोस चुकवणं पुंजारामच्या लेखी त्याहून थोडंसंच लहान. त्यांनी त्या वेळच्या फादरना गळ घालून पोलिओच्या रविवारी मिस्सा पहाटे पाचला घ्यायला लावली. अख्खा धर्मग्राम, म्हणजे चर्चची सगळी घरं, जांभया देत प्रार्थना म्हणायचा. सात वाजता पुंजाराम खाकी कपड्यांत बूथवर हजर. लेकराला आ करायला सांगायचं, दोन थेंब सोडायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची. असं दिवसभर.

या सवयीनं म्हातारपणी घात केला. निवृत्तीनंतर फादर अंतोननी त्यांना मिस्सेत परमप्रसाद वाटायची, म्हणजे पवित्र भाकर एकेकाच्या जिभेवर ठेवायची सेवा दिली. पहिल्याच रविवारी समोर गावातला धिप्पाड संपत येऊन उभा राहिला. पुंजाराम म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." संपत म्हणाला, "आमेन." त्यावर पुंजाराम म्हणाले, "आ कर." एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण प्रसाद देऊन झाल्यावर त्यांनी संपतचा डावा हात धरला आणि करंगळी उलटीसुलटी करून पाहिली. मागच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. घरी येऊन ही फजिती सगळ्यांना करून दाखवणारे पुंजाराम स्वतःच. "डबल डोस जाया नको ना बाप्पा," म्हणत आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत.

मिथुननं हा प्रसंग लिहिला आणि खोडला. श्रद्धांजलीत लोक हसले तर आपली चर्चमधली पत जाईल, असं त्याला वाटलं. जणू तिथं त्याची काही पत होती! पण आता त्याचा जीव खरोखर कासावीस झाला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती, जी फक्त बाबांची असेल, जी दुसऱ्या कोणाला चिकटवता येणार नाही. ती सापडली नाही, तर उद्या अण्णासाहेबांचंच भाषण नाव बदलून बापाला वाहावं लागणार होतं, आणि समोर माय बसलेली असणार होती.

शेवटी त्याला आपली हुकमी गोष्ट आठवली. मिथुन अकरावीत असताना जालन्याला जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, ‘एकविसाव्या शतकातला भारत’. दिवस रविवार, नेमका पोलिओचा. त्यानं घरी सांगितलं तेव्हा बाबा "त्या दिवशी डोस हाय" एवढंच म्हणाले. मिथुन एकटा बसनं गेला. तो बोलला, टाळ्यांचा कडकडाट झाला, नंबर थोडक्यात हुकला. पण लेकाच्या पहिल्या भाषणालाही बाप कर्तव्य सोडून आला नाही. ही गोष्ट मिथुननं कितीतरी स्टेजवर सांगितली होती. चार-पाचदा तर बाबा समोरच बसले होते.

आता यातलं खरं किती, ते सांगायला हवं. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन’ एवढं म्हणून मिथुन पुढचं सगळं विसरला होता. पंख्याकडं बघत तो घंटा वाजेपर्यंत तसाच उभा राहिला. मागून कोणीतरी "बस खाली" म्हणून ओरडलं आणि तो शेवटच्या पायरीवर अडखळून खाली उतरला. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "टाळ्या पडल्या का?" तो म्हणाला, "लई पडल्या." "बरं झालं," असं म्हणून बाबा उठून गेले. त्या "बरं झालं"चा मिथुनला इतका राग आला की त्यानं तो राग आणि त्या टाळ्या दोन्ही पंचवीस वर्षं सांभाळल्या. टाळ्या खोट्या आहेत हे फक्त आपल्यालाच माहीत आहे असं मिथुनला वाटायचं, आणि इतक्यांदा सांगून सांगून आता त्यालाही त्या ऐकू येत होत्या.

लबाडी आहे, पण ती आपल्याबद्दलची, असा त्यानं स्वतःशी हिशेब जुळवला. बाबांबद्दलचं तर सगळं खरंच आहे. मग त्यानं गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून काढली.

रविवारी चर्च भरलं होतं. भिवा चर्चचा नसूनही शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. परमप्रसाद झाला, फादर अंतोननी मान हलवली आणि मिथुन माईकपाशी गेला. आवाज छान लागला होता. जपमाळेतला सातवा मणी त्यानं सांगितला, लोकांनी माना डोलावल्या. मग तो हुकमी गोष्टीकडं वळला.

"चौतीस वर्षांत बाबांनी एकाही पोलिओच्या रविवारी रजा घेतली नाही. माझ्या पहिल्या भाषणाला टाळ्यांचा कडकडाट होत होता, त्या दिवशीसुद्धा नाही."

इथं तो नेहमी थांबतो. लोकांना डोळे पुसायला सवड मिळावी म्हणून.

"घेतली व्हती," पहिल्या बाकावरून कौसल्याबाई म्हणाल्या.

"माय, नंतर बोलू," मिथुन दबक्या आवाजात म्हणाला. माईक चालू असल्यामुळं ते भिवापर्यंत पोचलं.

"नंतर काहून? तुला काल म्हणलं व्हतं, इथं खोटं बोलू नको." कौसल्याबाई बाकाला धरून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी ते जालन्याला आल्ते. माझ्या भावाचा पांढरा सदरा घालून गेल्ते. खाकीतले बाबा तुला आवडत नव्हते ना. मागं दारापाशी उभे राहून सगळं बघितलं त्यांनी. मंग तुझ्या आधीच्या बसनं घरी आले."

"मंग मला सांगितलं का न्हाई?" माईकवरचं मराठी मिथुनच्या तोंडून कधी गळालं ते त्यालाच कळलं नाही.

"तू टाळ्या सांगून राह्यला व्हता. तुझ्या तोंडावर काय सांगणार ते?" कौसल्याबाई म्हणाल्या. "मला म्हणले, त्याला टाळ्या पडल्या म्हणू दे. लेकरू लई वेळ एकटं उभं व्हतं तिथं."

कौसल्याबाईंनी पदर सावरला.

"सायबानं मेमो दिला, तर त्याला उत्तर लिहिलं, घरगुती काम. पहाटेच्या बसपायी मिस्सा बुडाली, तर फादरकडं जाऊन पापनिवेदन केलं. अन् मला म्हणले, पाप केलं म्हणून सांगून आलो, पण पस्तावा काही होईना." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

पाच मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती. मिथुननं कागदाकडं पाहिलं. कागदावरचा बाप त्याला ओळखीचा वाटेना. त्या दारापाशी मामाचा सदरा घालून उभ्या असलेल्या माणसाला ‘बस खाली’ ऐकताना काय झालं असेल, याचा विचार मनात आला आणि त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली.

फादर अंतोन उठायला लागले. मिथुननं त्यांना हातानं थांबवलं.

"त्या दिवशी मी भाषण विसरलो होतो," तो म्हणाला. "एकही टाळी पडली नव्हती. बाबांना हे माहीत होतं. पुढं मी स्टेजवरून ती गोष्ट सांगायचो आणि टाळ्यांपाशी आलो, की समोर बसलेले बाबा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचे."