राजीनामा कोणत्या भाषेतला?

आम्ही ग्वाल्हेरच्या मुरार भागात एका खोलीत राहायचो. बाबा फौजी वर्द्या शिवायचे, आई काजं करायची, बटणं लावायची. दिवसा वीज गेली की आई मशीन दाराशी उजेडात ओढायची, कारण वर्दी वेळेवर नाही दिली तर पुढचं काम दुसऱ्याकडे जायचं. आमच्या घराण्यात तलवार चालवणारे होऊन गेले म्हणतात. कॉलेजात गेलेली पहिली मात्र मीच, आणि हे मी मान वर करून सांगते.

बीएस्सीनंतर 'खासगी बाजार' नावाच्या पेठेतल्या क्लासमध्ये फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. त्या एका भाषेवर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. कामगारांची हजेरी, ड्यूटी, सगळा प्रोग्राम मी लिहिला. तो इतकी वर्षं चालला की भाषाच म्हातारी झाली. नव्या कॉम्प्युटरवर धड उघडेना.

साहेब म्हणाले, "मॅडम, अब नई भाषा चुननी पड़ेगी. बाहर से इंजीनियर बुलाया है, वो जावा में कर देगा."

"और मैं?"

"देखते हैं."

त्या 'देखते हैं'चा अर्थ मी घरी पोचेपर्यंत लावत राहिले. घरी मुलीनं विचारलं, "आई, तुला भीती लागते का?"

"लागते तर! मला फॉक्सप्रोशिवाय येतं काय?"

"मग पायथन शीक. सरळ आहे, आजीच्या टोमण्यांसारखी वाकडी नाही."

शिकले. ड्यूटीची यादी काढणारा भाग मी पायथनमध्ये लिहिला, इंजिनिअरनं जावामध्ये. दोन्ही करून बघायचे आणि मग ठरवायचं, असं साहेबांनी सांगितलं. पहिल्यांदा इंजिनिअरची यादी फाटकावर लागली. थोड्या वेळानं समोरचा चहावाला आत आला. आमचाच जुना चौकीदार, मराठी माणूस.

"ताई, मला परत घेतलं का? यादीत नाव आहे! आता टपरी कोण बघणार?"

बघते तर नोकरी सोडून गेलेले सगळेच कामावर! जुन्या प्रोग्रामात एका रकान्याला मी 'राजीनामा' नाव दिलं होतं. आपल्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इंजिनिअर हिंदीवाला, त्याच्या लेखी राजीनामा म्हणजे समझोता.

"मॅडम, झगड़ा निपट गया तो आदमी काम पर लौटेगा ही ना?" तो म्हणाला.

चूक त्याची नाही, माझीही नाही. मराठी-हिंदी एकत्र नांदवणाऱ्या ग्वाल्हेरची!

साहेबांनी दोघांनाही आपापल्या प्रोग्रामातली राजीनाम्याची ओळ दाखवायला सांगितली. जावाच्या पडद्यावर त्यांना ती सापडेचना. "इसमें तो ब्रैकेट ही ब्रैकेट हैं." माझ्या प्रोग्रामात सगळी नावं हिंदीत, देवनागरीत होती, साहेबांना वाचता यावीत म्हणून. त्यांनी ओळ मोठ्यानं वाचली आणि हसले. "ये तो मैं भी समझ गया."

इंजिनिअर भला माणूस. तोच म्हणाला, "सर, इतने काम के लिए यही ठीक है. मॅडम सँभाल लेंगी." छातीवरचा दगड उतरला. चहावाल्यालाही सुटल्यासारखं झालं. त्या दिवशीचा चहा त्याच्याकडून.

संध्याकाळी मी मुरारला आई-बाबांकडे गेले. बाबांनी दारातच विचारलं, "राजीनामा तर नाही ना द्यावा लागला?"

"नाही बाबा."

"मग साहेबांशी राजीनामा झाला म्हण की!"

आज कारखान्याची हजेरी पायथनवर चालते. तो प्रोग्राम मी लिहिला आहे, आणि माझी नोकरी शाबूत आहे.