आधी रोटी

सिस्टरबाईंना अख्खी पोळी खाताना रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात कोणी पाहिलं नाही. जेवायला बसल्या की पहिली पोळी हातात घ्यायच्या, मधोमध फाडायच्या, अर्धी परत डब्यात ठेवायच्या आणि हातातली अर्धी निवांत खायच्या. भूक उरली तर डब्यातली अर्धी पुन्हा बाहेर यायची. दिवसभर हिंडून आल्या असतील तर अशा सहा अर्ध्यासुद्धा व्हायच्या. मग सरळ तीनच घ्या ना, असं आई एकदा म्हणालीच. त्यावर बाई म्हणाल्या, "अख्खी संपली की हात आपोआप दुसरीवर जाते. अर्धी संपली की जरा विचार करायले सवड भेटते."

बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी कुठे सुरू होते हे त्यांना स्वतःलाही कळत नसे आणि होकार देताना त्या चक्क "हव" म्हणत. आम्ही अमरावतीकडचे, त्यांच्या मानाने नवखे. बाबा भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात होते. रायपूर राजधानी झालं आणि कंपनीची भरभराट सुरू झाली. नवा ट्रक आला की पेढे, नवं कंत्राट मिळालं की काजूकतली. बाबांनी स्कूटर घेतली, माझं शाळेत पायी जाणं बंद झालं. राजधानीबरोबर मीही वाढत गेले म्हणा ना!

दहाव्या वर्षी जिना चढताना मला धाप लागायची आणि गुडघे दुखायचे. आई म्हणायची, बाळसं आहे, जाईल. दहा वर्षांच्या घोडीला कसलं डोंबलाचं बाळसं! शेवटी दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसाने मला काट्यावर उभं केलं आणि आकडा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारला. डॉक्टर मात्र भले होते. घरात आजोबांना आणि काकांना साखर आहे, आताच सवयी बदला, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण माझ्या कानात तो आकडाच घुमत राहिला. शाळेत मला "मोटी" म्हणत होतेच. त्या दिवसापासून चारचौघांत ताटावर बसायची मला लाज वाटू लागली. जेवण मी स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून उरकायचे.

आईने माझी कथा सिस्टरबाईंना सांगितली आणि त्यांनी मला एकटीला बोलावून घेतलं. त्यांच्याकडेही काटा होता, पण त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला. वजनाचं अवाक्षर न काढता त्यांनी मला पेढा दिला, म्हणजे अर्धा. दुसरा अर्धा त्यांनी खाल्ला. मग म्हणाल्या, दर वेळी आधी रोटी घ्यायची, भूक उरली तर दुसरी आधी घ्यायची. माझ्याशी त्या बहुतेक हिंदीतच बोलायच्या, कारण मीही त्या वयात मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणाऱ्यांतली.

घरी आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाल्या? मी मोठ्या मराठीचा आव आणून सांगितलं, "सिस्टरबाई म्हणाल्या, आधी रोटी."

आता हिंदीतली आधी म्हणजे अर्धी आणि मराठीतली आधी म्हणजे अगोदर. आईचा कान अमरावतीचा. तिला वाटलं, आधी पोळी आणि मग भात. तिला ते मनापासून पटलं. तिच्या माहेरी तसंच वाढायचे. भात मी आधीपासून पोटभर खात होतेच, आता त्याच्या अगोदर तुपाच्या तीन पोळ्या पक्क्या झाल्या. वर आईचा प्रेमळ दम, बाईंनी सांगितलं आहे, निमूट खा. घोटाळा मला पहिल्याच दिवशी कळला होता, खोटं कशाला बोलू? पण पोळी गरम होती आणि मी गप्प बसले.

दोन महिन्यांनी बाई सहज आमच्याकडे आल्या आणि माझं ताट बघून थबकल्या. आई त्यांना जरा घुश्शातच म्हणाली, "तुम्हीच तं सांगितलं होतं, आधी पोळी म्हणून. मी रोज देऊन राहिली, तरी फरक काहून नाही पडून राहिला?"

बाई क्षणभर गोंधळल्या. मग प्रकाश पडला आणि त्या अशा हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना सगळं समजलं असणार, पण चुगली केली नाही. आईला म्हणाल्या, चूक माझीच, मी ज्या घरात अर्धी म्हणतात तिथे आधी म्हणून गेली.

मग त्यांनी पाटच मांडला. दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या. पहिल्याच गुरुवारी आईने माझ्यासाठी दुधीची भाजी आणि बाकीच्यांसाठी भजी केली होती. बाईंनी भज्यांना हात लावला नाही. म्हणाल्या, एकट्या पोरीले दुधी आणि घराले भजी, असं असलं तर मी चालली. त्या दिवसापासून सगळ्यांना एकच स्वयंपाक झाला. भजीही व्हायची, पण महिन्यातून एकदा आणि सगळ्यांना. मला भिंतीकडून ओढून त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. एक पोळी घ्यायच्या, फाडायच्या, अर्धी माझ्या ताटात, अर्धी त्यांच्या. बाबांनाही त्यांनी सोडलं नाही. शाळा स्कूटरवर नव्हे, पायी. आणि पोहोचवायला बाबाच. बाबा कुरकुरले, पण दोन महिन्यांत पट्ट्याचं भोक त्यांचंच आधी आत सरकलं.

संध्याकाळी बाई मला सदर बाजारात सोबत न्यायच्या. कधी बटणं, कधी सुईदोरा, काहीतरी निमित्त काढायच्या. स्कूटरींच्या गर्दीतून वाट काढायची आणि वाटेत सारखं बोलत राहायचं, ही त्यांची अट. धाप लागून बोलणं तुटलं की सराफाच्या दुकानाबाहेर ओट्यावर टेकायचं. सुरुवातीला जाऊन येईपर्यंत चार ओटे लागायचे. दिवाळीपर्यंत दोन झाले. काटा माठाखालीच होता, आमचं माप ते ओटे.

पण मधे एकदा मी घात केला. शाळेच्या गॅदरिंगच्या नाचात मला सर्वांत मागे, पडद्याला लागून उभं केलं. मी चिडले आणि खाणंच सोडलं. डबा गाईला घालायचा, रात्री पोट दुखतंय म्हणायचं. चौथ्या दिवशी प्रार्थनेत चक्कर येऊन कोसळले. बाई आल्या त्या धावतच. त्यांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"पोट्टे, मी आधी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "शून्य कोण म्हटलं?"

मी रडत रडत सांगितलं की मला जेवायची लाज वाटते, सगळे माझ्या ताटाकडे बघतात. बाई माझ्याजवळ टेकल्या. मग आईकडून पोळी मागवली, फाडली, आणि म्हणाल्या, "तू बारीक नाही झाली तरी चालते मले. पण भुकेची लाज धरायची नाही. भूक लागली तर मले सांगायचं, दोघी मिळून खाऊ." मी ती अर्धी खाल्ली. इतकी चवदार पोळी मी नंतर कधी खाल्ली नाही.

बारीक मी झालेच नाही, हे सांगून टाकते. आजही अंगाने भरलेली आहे. पण सातवीत जाईपर्यंत सदर बाजारची फेरी एकही ओटा न घेता व्हायला लागली, गुडघे दुखायचे थांबले, आणि डॉक्टरांनी पाठ थोपटली. लग्नाच्या पंगतीत मी सगळ्यांच्या मधे बसून जेवते, पोटभर जेवते आणि पोट भरलं की उठते. वाचताना हे साधं वाटेल. मला ते बाईंच्या अडीच-तीन वर्षांच्या गुरुवारांनी मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शेवटचे काही दिवस भाचीकडे होत्या आणि त्यांनी खाणं टाकलं होतं. भाचीने फोन करून मला बोलावलं, म्हणाली, तुझं ऐकतील. मी दुपारी पोहोचले. ज्या बाई मला सबंध सदर बाजार फिरवायच्या, त्या चादरीखाली कुठे आहेत हेही पटकन कळेना. भाचीने मऊ पोळी आणि वरण आणलं. बाईंनी मान वळवली आणि हळूच म्हणाल्या, सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहतात, लाज वाटते.

मी भाचीला जरा बाहेर थांबायला सांगितलं. पोळी हातात घेतली आणि मधोमध फाडली. बाई बघत होत्या. मी एक अर्धी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझ्या हातातल्या दुसऱ्या तुकड्याकडे बोट केलं.

"आधी," त्या म्हणाल्या.

त्या मराठीत बोलल्या की हिंदीत, मी विचारलं नाही. आधी मी माझी अर्धी खाल्ली. मग त्यांनी त्यांची.