मैदान अठ्ठ्याऐंशी मीटर, तोंड पूर्वेला

ऐप्पसी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तमिळ महिन्यातला पहिला मंगळवार, सकाळी साडेदहा. स्थळ: साक्कोट्टै रस्त्यावरचं फुटबॉल क्लबचं मैदान. हजर: क्लबचे सेक्रेटरी षण्मुगम मास्टर, वॉर्डाचे कौन्सिलर, जिल्हा असोसिएशनचे इन्स्पेक्टर, त्यांचा टेप आणि मी. गैरहजर: गटार.

इन्स्पेक्टरनी एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत टेप धरला.

"अठ्ठ्याऐंशी."

"पुन्हा मोजा सर," मास्टर म्हणाले.

पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशीच.

"किमान नव्वद हवं. मागच्या वर्षी चौऱ्याण्णव भरलं होतं ना?"

"भरलं होतं," मास्टर म्हणाले. "तेव्हा मैदानाचा विकास झाला नव्हता."

मी सिव्हिल इंजिनियर. कुंभकोणममध्ये माझं छोटं ऑफिस आहे. सरकारी निधीतून होणाऱ्या कामांची इस्टिमेट मी करून देते. इस्टिमेट म्हणजे काय काय करायचं, किती करायचं आणि त्याला किती लागेल, याची यादी. या मैदानाच्या यादीत पहिली वस्तू होती गटार. पूर्वेकडचा भाग सखल आहे. पाऊस पडला की तिथे तीन दिवस पाणी साचतं. जमिनीखालून पाइप टाकून ते पलीकडच्या कालव्यात सोडायचं, एवढंच काम. दुसरी वस्तू लेव्हलिंग, म्हणजे उंचसखल जमीन एकसारखी करणं. तिसरी, नवे गोलपोस्ट.

यादी घेऊन मास्टर आणि मी कौन्सिलरांकडे गेलो.

"गटार दिसणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"दिसणार नाही अण्णा. जमिनीखाली असतं."

"मग उद्घाटन कशाचं करायचं?"

यादीत काँक्रीटचं कायमचं स्टेज आलं आणि गटार दुसऱ्या टप्प्यात गेलं. दुसरा टप्पा म्हणजे कामाला नकार न देता ते न करण्याची सरकारी पद्धत.

स्टेज मी उत्तरेच्या मोकळ्या जागेत दाखवलं होतं. तिथे कुणी खेळत नाही. कौन्सिलरांनी नकाशा आडवा-उभा फिरवून पाहिला.

"म्हणजे प्रमुख पाहुणे दक्षिणेकडे तोंड करून बसणार? ती दिशा कुणाची, ठाऊक आहे ना अम्मा?"

ठाऊक होती. यमाची. स्टेज पश्चिमेला गेलं, पूर्वेकडे तोंड करून, बरोबर गोलच्या मागे.

त्यात आनी महिना संपत आला होता. आडी लागला की आमच्याकडे कुणी नवं काम सुरू करत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी घाईघाईने भूमिपूजन उरकलं आणि चुन्याने आखणी केली. मी कंपाउंडच्या भिंतीपासून स्टेजची खोली मोजली. स्टेजपुढच्या पायऱ्या धरायला विसरले. त्या आखणीवर सही माझी आहे. बाकीच्यांची चेष्टा करण्याआधी हे लिहून ठेवते.

तर गोल पुढे सरकवावा लागला. समोरचा गोल मागे न्यायला पूर्वेला जागा नाही, तिकडे कालवा.

"लीग पोंगलनंतर सुरू होते," इन्स्पेक्टर म्हणाले. "मैदान पास झालं नाही तर तुमच्या मॅचेस तंजावरला."

मास्टर खाली बसले, त्याच पायऱ्यांवर. त्यांची टीम दारासुरमच्या रेशीम विणणाऱ्या घरांतली. सकाळी सहाला मॅच, नऊला परत मागावर, या हिशोबावर ती टिकलेली. तंजावर म्हणजे अख्खा दिवस गेला.

"दोन मॅचला येतील," ते म्हणाले. "तिसरीला मी एकटाच बसने जाईन."

मी पायऱ्या मोजल्या. अडीच मीटर पुढे आलेल्या. त्या काढून बाजूला लावल्या तर साडेनव्वद होत होतं.

"सरकारी मालमत्ता आहे," कौन्सिलर म्हणाले. "तोडता येणार नाही. आणि पाहुणे बाजूने चढणार?"

"आमची पोरं पाण्यातून पळतात अण्णा," मास्टर म्हणाले.

इन्स्पेक्टरनी पंधरा दिवस दिले आणि चहा न घेता गेले. सगळं बोलणं तमिळमध्ये झालं होतं. आमच्या घरी मराठी बोलतात; नवऱ्याला मराठीत सांगितलं तेव्हा ते आणखी खुळचट वाटलं. पण सांगता सांगताच वाट सापडली.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा घेऊन कौन्सिलरांकडे गेले. नियमाचा, टीमचा, मीटरचा विषय काढला नाही.

"अण्णा, एक चूक राहिली आहे. पायऱ्या पुढून आहेत, म्हणजे चढताना पाहुण्यांचं तोंड पश्चिमेला. मावळतीकडे."

त्यांनी चष्मा लावला.

"दक्षिणेच्या अंगाला लावल्या तर चढताना तोंड उत्तरेला. कुबेराकडे."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"माझीच चूक."

तीन महिने लागतात ती परवानगी तीन दिवसांत आली. पायऱ्या हलल्या, गोल मागे गेला. इन्स्पेक्टरनी टेप धरला. साडेनव्वद. मैदान पास. मास्टरनी मला निर्भेळ दुधाची, इथली प्रसिद्ध डिग्री कॉफी पाजली आणि दर घोटाला एकदा, याप्रमाणे सहा वेळा आभार मानले.

यातून मी एवढंच शिकले: इस्टिमेटमध्ये लांबी, रुंदी आणि खोली यांच्याबरोबर दिशेचाही रकाना हवा.

पूर्वेकडे पाणी अजून साचतं. मॅचच्या आधी दोन्ही टीम बादल्यांनी ते उपसतात. माझ्या यादीतल्या पहिल्या वस्तूपुढे, गटारापुढे, अजून टिक नाही. जमिनीचा ढाळ मी पुन्हा तपासला. गटाराचं पाणी पूर्वेलाच वाहणार आहे. अर्जात तसं ठळक लिहायचं आहे. तो अर्ज अजून व्हायचाय.